मागची डावी सीट

१

मुखेडच्या एसटी स्टँडवरून बाजाराकडे वळलं की उजव्या हाताला निजामोद्दीनचाचांचं दुकान लागतं. दुकान म्हणजे पुढे पत्र्याची शेड, मागे शिलाई मशीन आणि मधल्या जागेत चाचांचा अभिमान. तिन्हींत जास्त जागा कशाला लागायची हे सांगायला नको. रिक्षा, जीप, टेम्पो यांचे कापडी टप शिवणं हा त्यांचा धंदा. "आपल्या हातचा टप गळत न्हाई" हे वाक्य त्यांना इतकं प्रिय होतं की चहावाल्यानं साखर जास्त की कमी एवढं विचारलं तरी ते आधी हे सांगून घेत आणि मग साखरेकडे वळत.

टप गळतो की नाही हे बघायची त्यांची स्वतःची एक पद्धत होती. चाचा गाडीत जाऊन बसायचे, दारं-काचा लावून घ्यायचे. बाहेरून त्यांच्या बायकोनं, म्हणजे खातूनबींनी, पाइपनं टपावर पाणी सोडायचं. आत जिथे थेंब दिसेल तिथे चाचा आतून बोटाच्या पेरानं एक ठोका द्यायचे, आणि खातूनबी बाहेरून नेमक्या त्या जागी मेणखडूनं फुली मारायच्या. दोन ठोके म्हणजे पाणी बंद. तीन ठोके म्हणजे आत सगळं कोरडं आहे, दार उघडा. आतल्या माणसानं दार आपलं आपण उघडायचं नाही, हा नियम होता, कारण टपाच्या काठावर साचलेलं पाणी धबदिशी सीटवर येतं. म्हणून तीन ठोके ऐकू आले की खातूनबी आधी टॉवेलनं काठ पुसायच्या, मग दार उघडायच्या आणि तोच टॉवेल पिळून आत धरायच्या. "घ्या, तोंड पुसा," म्हणायच्या. बंद गाडीत बसून माणूस घामाघूम होतो.

हे इतकी वर्षं चाललं होतं की दोघांनाही त्यात डोकं घालावं लागत नसे. घरात दोघं दखनीत बोलत. भांडण मात्र मराठीत होई, कारण सगळ्या गल्लीला समजल्याशिवाय खातूनबींना भांडल्यासारखं वाटत नसे. आणि भांडणाचा विषय बहुतेक वेळा चाचांचा डावा कान असे. हा कान बरीच वर्षं कामावर येत नव्हता. चाचांच्या मते कान ठणठणीत होता, लोकच हल्ली हळू बोलत होते.

त्यांना एकुलती एक मुलगी, हुमा. लहानपणी ती हट्टानं रिक्षात जाऊन बसायची आणि टप कोरडा असो की ओला, ठोके देत सुटायची. आता तिचं बिलोलीच्या अमानशी लग्न ठरलं होतं. ती गेल्यावर घर कसं वाटेल यावर दोघं बोलत नसत. त्यामुळेच बहुधा कानावरून भांडणं वाढली होती.

२

लग्नाला थोडे दिवस उरले असताना चाकूरचा बसवराज लाल गाडी घेऊन आला. बसवराजचा बँडचा आणि वरातीचा धंदा. अलीकडे नवरदेवांना घोडी नको झाली होती, म्हणून त्यानं हैदराबादहून एक जुनी विलायती गाडी आणली होती. दोनच दारं, मागची सीट अरुंद, आणि वरचा कापडी टप हवा तेव्हा मिटवून मागे ठेवता येई. उघड्या गाडीत नवरा-नवरी उभे, समोर बँड, हे दृश्य लातूरपासून नांदेडपर्यंत फार आवडलं होतं. फक्त पाऊस आला की टप लावावा लागे, आणि लावला की तो गळे.

"नवरी भिजली चाचा," बसवराज म्हणाला. "ते बी एका बाजूनं. अल्बममधी अर्धी नवरी कोरडी, अर्धी ओली. तिचा बाप माझ्यावर धावून आला."

"मागच्या सीटवर गळते?"

"हाव. मागं, डाव्या अंगाला. अन त्यो नवरदेव तर येगळंच सांगून राहिला. म्हने मागं लई दाटी होते. आता दोघंच बसले होते, दाटी कशाची होईल?"

"नवरी जाड असंल," चाचा म्हणाले. कारण कळलं की चाचांचं समाधान होई, मग ते कारण बरोबर असो वा नसो.

व्यवहार लवकर ठरला. चाचांनी टप कोरडा करून द्यायचा आणि हुमाची रुखसती, म्हणजे सासरी पाठवणी, याच गाडीतून व्हायची. हुमानं गाडीचा फोटो काढला आणि संध्याकाळच्या आत बिलोलीतल्या सगळ्या होणाऱ्या नातेवाइकांनी तो पाहिला. सासूचं उत्तर आलं, माशाअल्लाह. आता मागे फिरायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी झाली. चाचा स्टीअरिंगपुढे बसले. खातूनबींनी पाणी सोडलं. समोरच्या काचेच्या वर एक थेंब दिसला, चाचांनी ठोका दिला. दाराच्या कडेला आणखी एक दिसला, तिथेही दिला. मागच्या बाजूला काय चाललंय ते नंतर बघू म्हणून त्यांनी दोन ठोके देऊन पाणी बंद करवलं आणि मग तीन दिले, दार उघडायचे. खातूनबींनी काठ पुसला, दार उघडलं, टॉवेल दिला. चाचा बाहेर आले आणि टपाकडे बघून थांबले.

पुढच्या भागात त्यांच्या फुल्या होत्या. मागच्या डाव्या भागात फुल्याच फुल्या होत्या.

"ह्या काहून मारल्या?"

"तुम्ही ठोके दिले म्हनून."

"मी तिथं हातच न्हाई लावला. माझा हात काय तिथवर पुरते का?"

"मंग काय मी सोताच्या मनानं खडू चालवला? ठक ठक करून जीव खाल्ला माझा. तुम्हाला ऐकू येत न्हाई तर मला बी येऊ नये का?"

आता विषय कानाकडे वळतोय हे ओळखून चाचांनी घाईनं कारण शोधलं. ओलं कापड आकसतं, ताणलं की आतली लोखंडी दांडी खटखट वाजते. बसवराजही तिथे होता. त्यालाही त्यांनी ते समजावून सांगितलं. टप ताणतो बाबा, जुना टप असाच बोलतो. बसवराजनं मान डोलावली. खातूनबींनी डोलावली नाही.

मग चाचांनी फुलीच्या जागी एकेक बोट दाबून पाहिलं. प्रत्येक फुलीखाली उसवलेला टाका होता. एकही फुली वाया गेलेली नव्हती.

३

दुपारी बसवराज चाकूरला गेल्यावर चाचांनी ड्रायव्हरच्या शेजारची सीट पुढे वाकवली आणि मागे डोकं घातलं. दोन दारांच्या गाडीत मागे जायचं तर असंच जावं लागतं.

टपाच्या मागच्या शिवणीतून पाणी अजून थेंबथेंब ठिबकत होतं. खाली पायाजवळ तळं साचलं होतं. उजवी सीट ओली होती. डावी सीटसुद्धा कडेनं ओली होती, पण मधोमध कोरडी होती. कोरडा भाग मांड्यांएवढा रुंद होता. तिथून तो पाठीवर चढत गेला होता आणि वर खांद्यांपाशी पसरून संपत होता. चाचांनी थेंबाकडे पाहिलं. थेंब कोरड्या भागाच्या बरोबर वर लोंबत होता. तो सुटला. खाली पडल्याचं चाचांना दिसलं नाही.

त्यांनी बराच वेळ विचार केला. रेक्झिनला उतार असेल. फोम फुगला असेल. वारा असेल. बंद गाडीत वारा कुठून आला हा प्रश्न त्यांना पडला, तेव्हा त्यांनी विचार करणं बंद केलं. हाताशी काम असताना विचार करत बसणं हे त्यांना आळशी लोकांचं लक्षण वाटे.

शिवण मागची होती, म्हणजे मागे बसूनच ती उसवायला हवी. चाचा गुडघे पोटाशी घेऊन उजव्या सीटवर शिरले. जागा फारच अडचणीची होती. डावं कोपर हलवता येईना, सुई ओढली की हात कशाला तरी अडे. मुखेड ते नांदेड एसटीनं जन्मभर प्रवास केलेला माणूस अशा वेळी जे बोलतो तेच चाचा बोलले, आणि बोलताना वरही पाहिलं नाही.

"सरका जरा."

जागा झाली. कोपर मोकळं झालं. चाचांनी सुखानं सात-आठ टाके उसवले, दोऱ्याला मेण लावलं, सुईत ओवला, आणि मग त्यांचा हात थांबला.

डावीकडे बघावं की बघू नये याचा निकाल लागेना. शेवटी त्यांनी बघितलं नाही. गाडीतून उलट्या पावलांनी बाहेर आले, शेडमध्ये जाऊन पाणी प्यायले आणि खातूनबींना म्हणाले, "आज जरा ऊन लई हाय." बाहेर आभाळ भरून आलं होतं.

त्यांनी ही गोष्ट घरात सांगितली नाही. सांगून काय होणार होतं? खातूनबी गाडी त्याच क्षणी चाकूरला धाडून देतील, हुमा रडेल, बिलोलीत फोन जाईल, आणि वीस गावांत होईल की निजामोद्दीनला एक टप जमला नाही. बाजारपेठेतला व्यंकटराव कुशनवाला तर या बातमीसाठी म्हाताराही व्हायला तयार होता. त्यानं आणि चाचांनी धंदा बरोबरच सुरू केला होता आणि तेव्हापासून तो चाचांच्या एका गळक्या टपाची वाट बघत होता.

४

काम मात्र चाचांनी मन लावून केलं. मागची शिवण पुन्हा घातली, मेणाच्या दोऱ्यानं, कारण पाण्यानं दोरा फुगतो आणि सुईचं भोक आपोआप बुजतं. शिवणीवरून आतल्या अंगानं रबरी पट्टी चिकटवली. दारांवरचं कडक झालेलं रबर बदललं. टपावरचं पाणी निघून जायची बारीक भोकं मागे चाकाच्या वर असतात, ती मातीनं गच्च झाली होती, ती तारेनं मोकळी केली. हे सगळं त्यांनी बाहेरून, दार उघडं ठेवून, एक पाय जमिनीवर ठेवून केलं. आत शिरायची वेळ आली की आधी घसा खाकरत.

मग दुसरी तपासणी. चाचा पुढे बसले, खातूनबींनी पाणी सोडलं. पाणी वरून धो धो वाहत होतं आणि आत एक थेंब नव्हता. चाचांचा ऊर भरून आला. असा टप त्यांनीही आयुष्यात शिवला नव्हता.

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आता काही कळायचा मार्ग राहिला नाही. गळत होतं तोवर निदान मागे कुणी आहे की नाही हे दिसत तरी होतं. आता सीट सगळीच कोरडी होती. रिकामी सीट आणि भरलेली सीट यांत फरकच राहिला नव्हता, आणि ही करामत त्यांच्याच हातची होती.

चाचांनी बरोबर पाण्याचा मग नेला होता. खातूनबींना त्यांनी तहानेचं कारण सांगितलं होतं. आता त्यांनी मान वळवली, बिस्मिल्ला म्हटलं आणि मगातलं पाणी मागच्या डाव्या सीटवर फेकलं.

सीट सगळी भिजली. मधोमध, कडेनं, पाठीवर, सगळीकडे. कोरडा भाग कुठेच नव्हता. चाचा मोठ्यानं हसले. या वयात, तेही मुलीच्या लग्नाच्या तोंडावर, रिकाम्या सीटवर पाणी फेकणारा माणूस त्यांना फारच हास्यास्पद वाटला. ते हसत हसतच तीन ठोके द्यायला हात वर नेत होते, तेव्हा त्यांची नजर उजव्या सीटवर गेली.

तिच्यावरही शिंतोडे उडाले होते. मधोमध कोरडी होती.

ते नुसतं सरकून बसलं होतं. त्यांनी सांगितलं होतं तसं.

चाचांनी तीन ठोके दिले. पुढे त्यांचे किती ठोके झाले ते त्यांना कळलं नाही. खातूनबींनी दार उघडलं तेव्हा त्यांचा हात टपावर चालूच होता.

"कोरडं हाय, समजलं," खातूनबी म्हणाल्या. "सगळ्या गावाला कशाला सांगून राहिले? घ्या, तोंड पुसा. अल्ला, केवढा घाम आलाय."

५

लग्नाच्या दिवशी सकाळपासून परतीचा पाऊस लागला होता. शादीखान्याच्या पत्र्यावर त्याचा असा आवाज होत होता की काझींना दोनदा विचारावं लागलं. निकाह झाला, जेवणं झाली, बिर्याणीला कुणी नाव ठेवलं नाही. बाहेर लाल गाडी फुलांच्या माळा घालून उभी होती. बसवराज कोट घालून तिच्याशेजारी छत्री धरून उभा होता. टप लावलेला होता आणि आत पाण्याचा टिपूस नव्हता. व्यंकटराव कुशनवाला जेवून आल्यावर टपाभोवती दोन चकरा मारून गेला होता आणि विड्याचं पान चघळत बसला होता.

चाचा त्या दिवशी कुणाशी दोन शब्द धड बोलले नाहीत. लोकांना वाटलं, बाप आहे, साहजिक आहे. बाप होता हे खरंच, पण तो सकाळपासून एकच हिशेब घालत होता. मागे तिघांना जागा नाही. हुमा डावीकडे बसेल, अमान उजवीकडे. मग ते कुठे सरकेल?

रुखसतीची वेळ झाली. हुमा रडत बाहेर आली, गाडी बघून तिचं रडणं अर्ध्यात थांबलं, पुन्हा ध्यानात येऊन ती रडू लागली. बसवराजनं अदबीनं दार उघडलं आणि पुढची सीट वाकवली.

चाचा पुढे झाले आणि त्यांनी दार लावून टाकलं.

"ह्या गाडीतून न्हाई," ते म्हणाले.

"काहून चाचा?" बसवराज म्हणाला. बिलोलीची मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

चाचांकडे खरं कारण होतं. पण ते सांगितलं तर पोरीच्या संसाराची सुरुवातच अशी व्हायची की सून एका वेड्याच्या घरातून आली. चारचौघांना पटेल असं कारण एकच होतं. ते त्यांनी आयुष्यात कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"टप गळतो," चाचा म्हणाले.

पाऊस पडत होता म्हणून, नाहीतर तिथे सुई पडली असती तरी ऐकू आलं असतं. व्यंकटरावांचं चघळणं थांबलं.

"आवं पर आत बघा ना, कोरडं ठणठणीत हाय," बसवराज म्हणाला.

"आत्ता हाय. बिलोलीच्या वाटंला गळंल. शिलाई कच्ची राहिली."

"कोनाची शिलाई?" व्यंकटरावांनी विचारलं. त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"माझी," चाचा म्हणाले. "माझी शिलाई कच्ची राहिली, व्यंकटराव. ऐकलं ना? का अजून जोरानं सांगू?"

व्यंकटरावांनी मान खाली घातली. इतकी वर्षं वाट पाहिलेला क्षण समोर आला तर त्यांना तो बघवेना. हुमा मात्र बापाकडे एकटक बघत होती. हा माणूस आपलं वय चोरेल, कान चोरेल, पण शिलाईबद्दल खोटं बोलणार नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"अब्बा, खरंच?"

"हाव बेटा. माझ्या म्हातारपणाखातर एवढं मान्य कर."

शेजारच्या साहेबरावांची रिक्षा रस्त्यापलीकडे उभी होती. तिचा टप चाचांनी फार वर्षांपूर्वी शिवला होता आणि तो जागोजाग फिका पडला होता. साहेबरावांनी घाईनं सीटवर धुतलेली चादर अंथरली. चाचांनी स्वतः आत वाकून पाहिलं, सीटवर हात फिरवला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मग म्हणाले, "बस." अमान हसत शेरवानी सावरून शेजारी शिरला. बिलोलीच्या बायकांत कुजबुज झाली, पण पावसात कुजबुज फार वेळ टिकत नाही.

६

रिक्षा सुरू झाली. चाचा रस्त्याच्या कडेला उभे होते. पाणी टपावरून ओघळत होतं आणि त्यांना रडू येत होतं. तेवढ्यात रिक्षाच्या आतून, कापडावर, ठोके पडले. एक, दोन, तीन.

हुमाच होती. लहानपणी द्यायची तसेच ठोके. आत सगळं कोरडं आहे, अब्बा. चाचांच्या चांगल्या कानानं ते नीट ऐकले. त्यांना वाटलं, जगात आता दुसरं काही ऐकलं नाही तरी चालेल. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली.

त्यांच्या डाव्या हाताला, दहा पावलांवर लाल गाडी उभी होती. बसवराज छत्रीखाली किल्ली बोटात फिरवत पुटपुटत होता. चाचांना डावीकडचं काही ऐकू आलं नाही. त्यांना फक्त एवढं दिसलं, की बसवराजची किल्ली फिरायची थांबली.

"चाचा," तो ओरडून म्हणाला, "टप ताणून राहिला वाटतं."

खातूनबी रडत होत्या. डोक्यावरून पदर घसरला होता, हातात हुमाचे डोळे पुसायला घेतलेला टॉवेल होता. त्या वळल्या आणि गाडीकडे गेल्या. मुलगी सासरी गेलेली बाई जशी जाते, तशाच गेल्या, कुठे चाललो हे न कळता. हातांना मात्र सगळं माहीत होतं. त्यांनी टॉवेलनं दाराचा वरचा काठ पुसला. दार उघडलं. टॉवेल पिळला आणि आत धरला.

"घ्या, तोंड पुसा," त्या म्हणाल्या.

चाचांनी हाक मारली. निदान मारायचं ठरवलं. पुढची सीट हळूहळू वाकली, मागचा माणूस उतरताना वाकवतो तशी. कुणीतरी उतरल्यावर गाडी बोटभर वर येते, तशी ती आली. आणि मग खातूनबींनी मान वर केली, तर नवरा समोर रस्त्याच्या कडेला उभा. त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता.

"टॉवेल कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"पडला असंल," चाचा म्हणाले. "चल घरी."

बसवराज गाडी घेऊन गेला. जाताना म्हणाला, गाडी आज कशी हलकी चालून राहिली.

घर जवळच होतं. दोघं एका छत्रीतून निघाले. खातूनबी नेहमीप्रमाणे उजवीकडे, चांगल्या कानाच्या बाजूला. त्या बोलत होत्या. हुमानं नीट खाल्लं नाही, औषधाची पिशवी दिली की राहिली, असं काहीबाही. छत्री लहान होती आणि चाचांनी ती बायकोकडे झुकवून धरली होती, म्हणून त्यांचा डावा खांदा पार बाहेर होता. बाजारातून, मशिदीवरून, स्टँडच्या मागून ते सगळ्या रस्त्यानं पावसातून आले. डाव्या कानाला काहीच ऐकू आलं नाही. चाचांनी त्या बाजूला बघितलंही नाही.

दारात आल्यावर त्यांनी खांद्याला हात लावला. शेरवानीचा तो खांदा कोरडा होता.

खातूनबींनी दिवा लावला, शादीखान्यातून आलेला डबा उघडला आणि दस्तरखान अंथरलं. सवयीनं तीन रकाब्या मांडल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, चेहरा पडला, आणि तिसरी उचलायला त्या वाकल्या.

"राहू दे," चाचा म्हणाले.

आणि ते जरा सरकून बसले.